शॉर्ट शिफ्टर घेण्याआधी गाडीखाली एकदा जाऊन या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीएमडब्ल्यूची ई४६ (थ्री सिरीजची जुनी पिढी), वय वीस वर्षांच्या आसपास, पाच गिअरची मॅन्युअल. गिअरचा दांडा लुळा लागतो, हात फार लांब न्यावा लागतो आणि घाईत टाकला की तिसरा गिअर अधूनमधून खर्र करतो. ‘अंतर ४० टक्के कमी’ असं लिहिलेला शॉर्ट शिफ्टर, म्हणजे गिअर टाकताना हाताचं अंतर कमी करणारा बदली दांडा, तुम्ही हेरून ठेवलाय. तोच घ्यावा का, आणि घरी बसवता येईल का, हे तुम्हाला हवंय. शेवटी जड मुठीबद्दलही विचारलंय.

घरी बसवता येतो. पण तुमच्या तीन तक्रारींपैकी लांब अंतराची तेवढी शॉर्ट शिफ्टर मिटवतो. लुळेपणा तो फार तर थोडे दिवस झाकतो, आणि खरखर वाढवण्याचीच शक्यता जास्त. त्यामुळे कुठला घ्यायचा हे नंतर बघू. आधी तो नेमकं करतो काय ते समजून घ्या, कारण निवड त्या हिशेबावरच होते.

गिअरचा दांडा ही साधी तरफ आहे. मधे एक गोळा असतो, त्यावर दांडा झुलतो. गोळ्याच्या वरचा भाग तुमच्या हातात, खालचा भाग सिलेक्टर रॉडला, म्हणजे गिअरबॉक्सपर्यंत हालचाल नेणाऱ्या दांडीला. सोयीचे आकडे धरू: वरचा भाग २०० मिमी, खालचा ५० मिमी. प्रमाण ४ ला १. खालच्या टोकाला न्यूट्रलपासून गिअरपर्यंत १२ मिमी सरकायचं असेल तर मूठ ४८ मिमी जाणार. आता दांड्याची एकूण लांबी तीच ठेवून गोळा १२ मिमी वर नेला, तर वर १८८ आणि खाली ६२ उरतात. प्रमाण साधारण ३ ला १ होतं आणि मूठ ३६ मिमी जाते. अंतर २४ टक्क्यांनी घटलं. पण तरफ फुकट काही देत नाही. खाली तेवढाच जोर पोचवायचा तर हाताला आता ३२ टक्के जास्त ढकलावं लागेल.

याऐवजी नुसती मूठ २५ मिमी खाली आणली, म्हणजे दांडा कापून आखूड केला, तरी १७५ ला ५० होतं आणि मूठ ४२ मिमी जाते. साडेबारा टक्के घट. इथे दांडा फिरतो तेवढ्याच कोनातून, फक्त तुमचा हात गोळ्याच्या जवळ आलेला असतो. जाहिरातीतला ४० टक्क्यांचा आकडा बहुतेक वेळा या दोन्ही युक्त्यांची बेरीज असतो: गोळा वर, मूठ खाली. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, मुठीची उंची मूळ गाडीइतकीच ठेवली तर घट किती? याचं सरळ उत्तर मिळालं नाही तर तो शिफ्टर मी घेणार नाही. मूठ खाली गेली की कोपर सीटच्या कडेला अडतं, हात उतरता होतो आणि तिसरा-पाचवा टाकताना खांदा पुढे न्यावा लागतो. अंतर वाचलं आणि आराम गेला, असा तो व्यवहार.

आता खरखरीकडे. ‘शॉर्ट शिफ्टरने सिंक्रो खराब होतात’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. ते अर्धंच खरं आहे. सिंक्रो रिंगचं काम म्हणजे ज्या गिअरमध्ये जायचंय त्याच्या शंकूवर घासून दोघांचा वेग जुळवणं. वेग जुळेपर्यंत रिंगचे दात स्लीव्हला (गिअर जोडणाऱ्या सरकत्या कड्याला) आत शिरू देत नाहीत. तुम्हाला मुठीत जो क्षणभराचा अडथळा जाणवतो तो हाच. या घासण्याला दोन गोष्टी लागतात, जोर आणि थोडा वेळ. शॉर्ट शिफ्टरमुळे हाताच्या त्याच जोरातून आतपर्यंत कमी जोर पोचतो, म्हणजे वेग जुळायला उलट जास्त वेळ हवा. आणि आपण नेमका तोच द्यायला तयार नसतो, कारण शॉर्ट शिफ्टर घेतलेलाच असतो पटकन गिअर टाकायला. मूठ अडथळ्यापाशी लवकर पोचते, तोवर क्लच पुरता सुटलेला नसतो, आणि मग आपण रेटतो. रिंग झिजते ती या रेटण्याने. लोखंडाच्या नव्या दांड्याचा तिथे दोष नसतो. थांबून टाकणाऱ्या माणसाच्या गाडीत शॉर्ट शिफ्टर वर्षानुवर्षं सुखाने राहिलेला मी पाहिलाय.

तुमचा तिसरा गिअर मात्र आजच कुरकुरतोय. त्याचं कारण आधी शोधा. इंजिन चालू, गाडी उभी, क्लच पूर्ण दाबून पाचेक सेकंद थांबा आणि मग हळूच पहिल्यात टाका. गाडी किंचित पुढे धक्का खात असेल, किंवा क्लच तसाच दाबून ठेवून थोडं रेस केल्यावर गाडी ओढ घेत असेल, तर क्लच नीट सुटत नाहीये. मग हायड्रॉलिक तेल जुनं असेल, आत हवा असेल किंवा मास्टर-स्लेव्ह सिलिंडर (पायाचा जोर तेलातून क्लचपर्यंत नेणारी जोडी) थकले असतील. हे दुरुस्त झाल्यावर अर्ध्या गाड्यांची खरखर जाते. ई४६ मध्ये स्लेव्ह सिलिंडरच्या वाटेवर एक क्लच डिले व्हॉल्व्हही असतो. पाय झटकन उचलला तरी क्लच हळू धरावा म्हणून कारखान्याने तो घातलेला असतो. बरेच लोक तो काढून टाकतात आणि त्यांचा दोन गिअरमधला हिसका कमी होतो. खरखरीशी त्याचा संबंध नाही, पण ‘गाडी झटपट शिफ्ट होत नाही’ ही भावना पुष्कळदा दांड्यातून येत नसून इथून येत असते.

क्लच ठीक निघाला तर गिअरबॉक्सचं तेल बघा. गार असताना खरखर जास्त आणि गरम झाल्यावर कमी, हे तेलाचं लक्षण. उलटं असेल, म्हणजे गरम झाल्यावर वाढत असेल, तर रिंग झिजल्याची शंका घ्या. कुठलं तेल घालायचं ते गिअरबॉक्सवरच्या स्टिकरवर आणि मॅन्युअलमध्ये बघा. या गाड्यांच्या काही गिअरबॉक्सना पातळ एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागतं, काहींना वेगळं मॅन्युअल ट्रान्समिशनचं तेल. डिफरन्शियलसाठीचं जीएल-५ जातीचं जाड तेल ‘चांगलं असतं’ म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू नका. सिंक्रोला घासायला पकड लागते, आणि ते तेल बनवलेलं असतं नेमकी घसरण वाढवायला. तेल बदलताना भरायचा बोल्ट आधी सोडवून बघा आणि मगच खालचा. उलट क्रमाने करून, सगळं तेल गाळून, वरचा बोल्ट गंजून बसलेला सापडलेला माणूस मी स्वतः आहे.

आता लुळेपणा. ई४६ चा दांडा थेट गिअरबॉक्समध्ये जात नाही. तो एका लांबट कॅरियरमध्ये बसतो. कॅरियरचं पुढचं टोक गिअरबॉक्सच्या डोक्यावर पिनने अडकवलेलं, मागचं टोक बॉडीच्या बोगद्यात एका रबरी बुशमध्ये. दांड्याचा गोळा प्लॅस्टिकच्या कपात. खालच्या टोकापासून सिलेक्टर रॉड पुढे जातो आणि तिथे एका छोट्या जॉइंटने गिअरबॉक्सच्या शाफ्टला जोडला जातो. रॉडच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकचे वॉशर आणि क्लिपा. म्हणजे तुमचा हात आणि गिअर यांच्यामध्ये रबर-प्लॅस्टिकचे पाच-सहा तुकडे आहेत, आणि वीस वर्षं सायलेन्सरच्या पाइपाच्या वर शेकत पडलेत. प्रत्येकात अर्धा मिलिमीटर खेळ आला तरी मुठीशी तो चौपट होऊन, आणि सगळ्यांची बेरीज होऊन पोचतो. इंजिन बंद करून तिसऱ्यात टाका आणि मूठ डावी-उजवीकडे, पुढे-मागे हलवून बघा. बोटभर हलत असेल तर तुमचा ‘लांब’ दांडा मुळात तेवढा लांब नाहीच. त्यातलं बरंचसं अंतर रिकाम्या खेळात जातंय.

माझं मत स्पष्ट आहे: आधी हे सगळे बुश, कप, वॉशर, क्लिपा आणि गिअरबॉक्सकडचा जॉइंट नवे टाका, मूळ दांड्यासकट गाडी महिनाभर चालवा, आणि मग ठरवा. तुम्ही म्हणाल, काम दोनदा का करायचं? खरंय, गाडीखालची मेहनत तीच आहे. म्हणून एकदाच खाली जायचं असेल तर बुश आणि दांडा एकत्र बदला. पण जुन्या बुशांवर नवा दांडा मात्र कधीच नको. लांब खालच्या भागाने जोर वाढतो, थकलेला प्लॅस्टिकचा कप तो सहन करत नाही, आणि काही दिवसांत दुप्पट लुळेपणा परत येतो.

इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटही त्याच फेरीत बघा. त्यांचं रबर दबून गेलं असेल तर जोरात एक्सलरेटर दिल्यावर गिअरबॉक्स वळतो, त्याच्याबरोबर लिंकेज (दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी) सरकतं, आणि तुमचा हात जिथे तिसरा असायला हवा तिथे जातो पण तिसरा तिथे नसतो. शॉर्ट शिफ्टरने घरं जवळ आलेली असतात, त्यामुळे ही चूक जास्त महाग पडते. कारण बहुतेक एका गोळ्याचे शिफ्टर पुढे-मागेबरोबर डावं-उजवं अंतरही त्याच प्रमाणात कमी करतात. तिसऱ्यातून चौथ्यात जायचं आणि हात दुसऱ्यात गेला तर काय होतं याचा हिशेब एकदा कागदावर करून बघा. जुन्या माझदा एमएक्स-५ च्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये दुसरा १.८८८ आणि तिसरा १.३३० आहे. तिसऱ्यात ७००० आरपीएमवर असताना दुसरा पडला की चाकं इंजिनला ९९०० च्या वर ओढून नेतात. रेव्ह लिमिटर इथे काही करू शकत नाही. तो इंधन तोडतो, पण इंजिन फिरवणारी चाकं असतात. व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतात आणि मग दांड्याबद्दल बोलायला काही उरत नाही. तुमच्या गाडीत आणखी एक बारीक गोष्ट: रिव्हर्स डावीकडे वर, पहिल्याच्या शेजारी. डावं-उजवं अंतर फार कमी केलं तर सिग्नलला पहिल्याऐवजी रिव्हर्सचं दार ठोठावण्याची सवय लागते. मधे अडवणारी स्प्रिंग दमदार आहे ना, ते तपासा.

तर निवड. रोजच्या वापराची आणि कधीमधी ट्रॅकवर जाणारी गाडी असेल तर मूठ मूळ उंचीवर ठेवून २० ते २५ टक्के घट, याच्या पुढे मी जाणार नाही. ई३६ (ई४६ च्या आधीची पिढी) आणि ई४६ वाल्यांची जुनी युक्ती म्हणजे बीएमडब्ल्यूच्याच झी३ १.९ या गाडीचा दांडा. तो कारखान्याचाच भाग, तशाच कपात बसतो, आवाज वाढवत नाही, आणि घट माफक देतो. बहुतेकांना तिथेच थांबता येतं. त्याहून पुढचं हवं असेल तर गोळ्याची उंची बदलता येणारा शिफ्टर घ्या, म्हणजे पटलं नाही तर मागे येता येतं. पूर्ण धातूचे बुश आणि धातूचा कॅरियर घेतला तर शिफ्ट बंदुकीच्या बोल्टसारखा लागतो, हे खरं. पण गिअरबॉक्सची कुरकुर आणि गुणगुण मुठीतून थेट हातात येते. ट्रॅकच्या गाडीत ती छान वाटते, रोज तास-दोन तास चालवायच्या गाडीत नाही. मधला मार्ग म्हणजे कडक प्लॅस्टिकचे बुश.

सगळ्या गाड्यांना हे लागू नाही हे जाता जाता सांगतो. एमएक्स-५ चा दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यात शिरतो, तिथे मुळातच अंतर कमी आहे. त्यात शॉर्ट शिफ्टरपेक्षा खालचा नायलॉनचा कप, फाटलेला रबरी बूट आणि त्या छोट्या खोबणीतलं तेल बदलल्याने जास्त फरक पडतो. होंडा एस२००० लाही मी हात लावणार नाही. केबलवर चालणाऱ्या गाड्यांत, उदाहरणार्थ पोर्शची ९९६ किंवा पहिली बॉक्स्टर, डावं-उजवं आणि पुढे-मागे यांच्या केबल वेगळ्या असतात. त्यामुळे एकच दिशा आखूड करता येते, पण बसवल्यावर केबल नीट जुळवल्या नाहीत तर एक-दोन गिअर अर्धेच पडतात. टी-५ गिअरबॉक्सच्या मस्टँगसाठी मिळणाऱ्या चांगल्या शिफ्टरना पुढे-मागे अडवणारे दोन बोल्ट असतात. ते शोभेचे नाहीत. तुम्ही दांडा रेटला तर तो जोर आतल्या शिफ्ट फोर्कवर (गिअर सरकवणाऱ्या काट्यावर) जायच्या आधी बोल्टवर अडतो. ते सोडूनच ठेवणारे लोक बघितले की मला वाईट वाटतं.

आता बसवणं. अनुभव असेल तर सुट्टीचा एक अख्खा दिवस धरा, पहिल्यांदा करत असाल तर दोन. गाडी चार भक्कम स्टँडवर, सपाट जागेवर, आणि सायलेन्सर पूर्ण गार. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. इथे तुम्ही गिअरबॉक्सही हलवणार आहात.

आत बसून सुरुवात करा. मूठ नुसती दाबून बसवलेली असते, सरळ वर ओढून काढायची. ती अचानक सुटते. तोंड बाजूला ठेवा, माझ्या नाकावर तिची खूण आहे. मग चामड्याचा बूट, त्याखालचा फोम आणि आतला रबरी बूट. हा रबरी बूट जपा. तो फाटला की खालची गरम हवा, आवाज आणि तेलाचा वास केबिनमध्ये येतो.

खाली सायलेन्सरचा पाइप सोडून खाली आणा. पण त्याला सेन्सरच्या वायरवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) काढा. त्याचे नट गंजलेले असतात, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. मग गिअरबॉक्सखाली लाकडाचा तुकडा घालून जॅक लावा, मागचा आडवा आधार सोडा आणि शेपूट हळूहळू खाली घ्या, हात जाण्यापुरतंच. शेपूट खाली गेली की इंजिनही मागे झुकतं, म्हणून बॉनेट उघडून मागच्या भिंतीशी काही दाबलं जात नाही ना, आणि पुढे पंखा कशाला टेकत नाही ना, ते कुणाला तरी बघायला उभं करा. ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) काढावाच लागला तर आधी दोन्ही भागांवर रंगाची खूण करा, जोडताना नवे लॉक नट वापरा.

सिलेक्टर रॉडची क्लिप बाजूला ओढून काढा आणि वॉशर कुठल्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढा. गोळ्याचा प्लॅस्टिकचा रिंग-कप खालून पाव फेरा फिरवला की सुटतो. जुना असेल तर तुटेलही, म्हणूनच नवा हातात हवा. दांडा वर ओढून काढा. कॅरियरची पुढची पिन ही या कामातली सगळ्यात चिडचिडी गोष्ट आहे. ती गिअरबॉक्सच्या डोक्यावर आहे, दिसत नाही, बोटांनी चाचपून तिची पट्टी उचलून फिरवावी लागते. इथे घाई केली की पट्टी वाकते आणि मग शिव्या सुरू होतात.

नवा दांडा घालण्याआधी नवा आणि जुना शेजारी ठेवून मोजा: गोळ्यापासून खालचं टोक किती लांब आहे, वाक त्याच दिशेला आहे का. नवा कप, प्लॅस्टिकला चालणारं ग्रीस, नवे वॉशर, नव्या क्लिपा. कप टक करून बसल्याचा आवाज आला पाहिजे. दांडा हाताने वर ओढून बघा, निघता कामा नये.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी, जी मी पहिल्यांदा केली नाही. गिअरबॉक्स वर उचलून आधार पक्का केल्यावर, पण हीट शील्ड बसवायच्या आधी, कुणाला तरी आत बसवा. इंजिन बंदच ठेवून त्याला एकेक गिअर टाकायला सांगा आणि तुम्ही खालून बघा. खालचा भाग लांब झालाय. तो ड्राइव्हशाफ्टच्या कपलिंगला, त्याच्या बोल्टला किंवा शील्डला टेकतोय का? मूठ गिअरमध्ये पडल्यावरही थोडी रेटायला सांगा, कारण चालवताना तेच होतं. बोटभर जागा उरली पाहिजे. माझ्या पहिल्या कामात दोन गिअरमध्ये टोक कपलिंगला अगदी हलकं घासत होतं. उभ्या गाडीत काही कळलं नाही. रस्त्यावर घर्र आवाज आला, मी तो गिअरबॉक्सचा समजलो, आणि दोन दिवसांनी बघतो तर नव्या दांड्याच्या टोकाला चकचकीत चपटी जागा पडलेली. त्या शिफ्टरवर ४० टक्केच लिहिलं होतं.

सगळं जोडल्यावर बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, हळू, सहाही घरं (रिव्हर्ससकट) गार आणि गरम दोन्ही अवस्थेत तपासत. गिअर पडल्यावर एक्सलरेटर सोडून-देऊन बघा. दांडा स्वतःहून न्यूट्रलकडे सरकत असेल तर गिअर पूर्ण आत गेलेला नाही, कुठेतरी बूट किंवा कन्सोल अडवतंय. पहिले काही दिवस बोटांच्या टोकांनी शिफ्ट करा, मूठ पंजात गच्च पकडून नको. अडथळ्यापाशी अर्धा क्षण थांबलात की गिअर आपोआप आत ओढला जातो. मधल्या वेळी हात स्टिअरिंगवर. दांड्यावर हात विसावून चालवण्याची सवय असेल तर आतल्या फोर्कवर सतत दाब राहतो, आणि लांब खालच्या भागासकट तुमचा दांडा आता आधीसारखा सैल, माफ करणारा राहिलेला नाही.

जड मुठीबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. ४०० ग्रॅमच्या आसपासची मूठ वाढलेला जोर थोडा लपवते, कारण तिचा वेग अडथळ्यातून दांडा पुढे नेतो. पण होंडाची एम१० × १.५, माझदाची एम१० × १.२५ अशी आट्यांची मूठ तुमच्या बिनआट्याच्या दांड्यावर थेट बसणार नाही, अडॅप्टर लागेल. अडॅप्टर स्क्रूने आवळायचा असेल तर दर काही आठवड्यांनी तो तपासा. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना मूठ हातात येऊन दांडा तिथेच राहिला की काय वाटतं, ते मला एकदा कळलंय.